हिरडीचे कलम

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण मराठी माणूस बहुधा पैशाच्या संदर्भात वापरतो. बुंदेलखंडात मात्र ती शब्दशः घेता येते. हरभरा हे या भागातील रब्बीचे एक प्रमुख पीक. झाशीच्या बाजारपेठेत भाजलेल्या चण्यांना तोटा नाही. अडचण असते ती दातांची. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १८४२ साली मनकर्णिकेचा गंगाधररावांशी विवाह ज्या मंदिरात झाला, ते तेथील गणेश मंदिर या कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे ठिकाण आहे. तेथील दैवत ‘एकदंत’ म्हणवते. परंतु एका दातावर निभावून नेणे देवालाच शक्य. माणसाला बत्तीस नाहीत तरी बरेचसे दात अखेरपर्यंत लागतात.

नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. झाशीत त्या सुमारास सकाळी गारवा जाणवू लागलेला असतो. अशा वेळी रांगेतील गप्पांत गुडघे आणि रक्तदाब यांच्या खालोखाल दातांचा विषय निघतो. नळाचे पाणी लागले की कळ येते, समोरचे दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागले आहेत, दाताच्या मुळाशी नख लावले तर खाच जाणवते, अशा त्या तक्रारी. दंतवैद्याकडे गेल्यावर कळते की हिरडी उतरली आहे; आणि अलीकडे त्याच भेटीत ‘गम ग्राफ्ट’, म्हणजे हिरडीचे कलम, हा शब्दही कानी पडतो. टाळूचा तुकडा काढून हिरडीला शिवणार, एवढे ऐकूनच कित्येकांचा धीर सुटतो. काहीजण हा पैसे काढण्याचा नवा मार्ग समजून परत फिरतात, तर काहीजण गरज नसतानाही तयार होतात. हे दोन्ही निर्णय महागात पडू शकतात, कारण हे कलम सर्वांसाठी नाही. मात्र ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याला दुसरा तितकाच चांगला पर्याय सहसा नसतो.

हिरडी का उतरते?

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कवच असते. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. मुळावर असे कवच नसते. तेथे सिमेंटम नावाचा अतिशय पातळ थर आणि त्याखाली डेंटिन असते. डेंटिनमध्ये दाताच्या गाभ्याकडे जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. हिरडी जागेवर असेपर्यंत मुळाला संरक्षण असते. ती खाली सरकली की मूळ उघडे पडते, गार पाण्याने नलिकांतील द्रव हलतो आणि ती हालचाल दाताच्या नसेला कळ म्हणून जाणवते. आंबट पदार्थांनीही उघडे मूळ लवकर झिजते. एनॅमल विरघळू लागण्यासाठी तोंडातील सामू साधारण साडेपाचपर्यंत उतरावा लागतो, डेंटिनला मात्र सहाच्या वरचा सामूही घातक ठरतो. म्हणूनच मुळाशी लागलेली कीड वेगाने पसरते.

उतरलेली हिरडी आपोआप वर चढत नाही. तेलाच्या गुळण्या, मालीश, निरनिराळी मंजने यांपैकी कशानेही गेलेली हिरडी परत येत नाही. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर हिरडी हे मुद्दल आहे. एकदा मोडले की ते व्याजाने भरून निघत नाही.

हे मुद्दल मोडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील एक सर्वांत अनपेक्षित आहे: स्वच्छतेची अति आवड. कडक दात्यांचा ब्रश मुठीत धरून, भांडी घासावीत तसे दात आडवे घासणाऱ्यांच्या हिरड्या उतरतात. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांत ही इजा अनेकदा डाव्या बाजूच्या सुळ्याजवळ अधिक दिसते, कारण तेथे हाताचा जोर पूर्ण लागतो. दातवणाचेही असेच आहे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून तिचा मऊ कुंचला केला तर ती निरुपद्रवी. अर्धवट चावलेल्या काडीने हिरडी खरवडली तर ती अपायकारक. कोळसा, विटकरीची पूड किंवा जाड मीठ यांविषयी तर बोलावयासच नको. हे ज्ञान काही नवे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांच्या अध्यायात दंतमूळाचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकी एक घासण्याने होणारा, आघातजन्य रोग असून त्यात हिरडीला मोठी सूज येते आणि दात हलू लागतात असे वर्णन आहे. या रोगाचे नाव ‘वैदर्भ’. ते वाचून विदर्भातील वाचक चमकतील, पण ब्रश तपासून पाहायला सर्वच प्रांतांतील वाचकांस हरकत नसावी.

दुसरे कारण अस्वच्छता. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही तर त्याचे किटण होते, हिरडीला सूज येते आणि आतील हाड हळूहळू झिजू लागते. हाड गेले की त्याच्या आधाराने उभी असलेली हिरडीही खाली जाते. येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ‘दात साफ करून घेतले आणि फटी पडल्या’ अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. वास्तविक फटी आधीच पडलेल्या असतात. किटणाने त्या बुजलेल्या असतात, एवढेच. किटण निघाल्यावर जे दिसते ते खरे चित्र असते आणि ते पाहिल्याखेरीज पुढील उपचार ठरविता येत नाहीत.

तिसरे कारण तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार धूररहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण भारतात २१.४ टक्के, महाराष्ट्रात २४.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात २९.४ टक्के होते. उत्तर प्रदेशात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन तळहातावर एकत्र करणारे चौकाचौकांत दिसतात. तंबाखूची गोळी ज्या जागी दाबून ठेवली जाते, नेमकी त्याच जागेची हिरडी उतरलेली आढळते. महाराष्ट्रातील मशेरी आणि उत्तरेतील गुल यांत तर तंबाखू थेट हिरडीवरच चोळली जाते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून देशात मनाई आहे. तथापि घरी भाजलेल्या मशेरीला कायदा कसा आवरणार?

याखेरीज काहींची हिरडी जन्मतःच पातळ असते. काहींचे दात रांगेबाहेर आल्याने त्यांच्यावरील हाडाचा पापुद्रा नाजूक असतो. काहींच्या ओठाची आतील दोरी हिरडीला खेचत राहते. दात सरळ करण्यासाठी तारा लावलेल्या तरुणांतही खालच्या समोरच्या दातांची हिरडी कधीकधी उतरते. हा केवळ म्हातारपणाचा आजार आहे, ही समजूत म्हणूनच खरी नाही.

भेट कलम आणि कोय कलम

कोकणातील वाचकांना कलमाचे तत्त्व शिकवावे लागणार नाही. आंब्याच्या भेट कलमात फांदी मातृवृक्षावरून लगेच तोडत नाहीत. रोपाशी तिचा सांधा जुळेपर्यंत तिला जुन्या झाडाचाच रस मिळत राहतो आणि मग ती विलग केली जाते. कोय कलमात मात्र काडी आधीच कापलेली असते. नव्या रोपातून तिला लवकर रस मिळाला नाही तर ती वाळते. हिरडीच्या शस्त्रक्रियेतही हेच दोन मार्ग आहेत. फरक इतकाच की रसाच्या जागी रक्त असते.

पहिल्या मार्गाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तोंडातील नव्हे, नाकाचे आहे आणि ते पुण्याचे आहे. इंग्रज सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका परंपरागत कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक तयार केले. त्याचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासह छापला. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही घटना मैलाचा दगड मानली जाते. कारागिराच्या कौशल्याचे मर्म असे की कपाळाची त्वचा त्याने पूर्ण तोडली नाही. भुवयांच्या मधोमध तिचा देठ राखला. देठातून रक्त येत राहिले आणि नाक जगले. हे भेट कलमच होय. उघड्या पडलेल्या मुळाशेजारची निरोगी हिरडी देठासह बाजूला सरकवून मुळावर आणणे किंवा त्याच दाताची हिरडी सैल करून वर ओढून शिवणे, या पद्धती त्याच तत्त्वावर चालतात. त्यांपैकी बाजूने सरकविण्याची पद्धत १९५६ साली प्रथम वर्णिली गेली.

मात्र शेजारची हिरडीच पातळ किंवा अपुरी असेल तर ऊतीचा तुकडा दुसरीकडून आणावा लागतो. ती जागा म्हणजे टाळू. सुळ्यापासून दाढेपर्यंतच्या टाळूच्या पट्ट्यात जाड, चिवट आणि हिरडीशी मिळतीजुळती ऊती असते. तेथून वरच्या त्वचेसह पातळ काप काढून हिरडीवर शिवण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. ती आजही खालच्या समोरच्या दातांपाशी हिरडी जाड करण्यासाठी वापरतात. तिचे दोन दोष आहेत. टाळूवर उघडी जखम राहते, आणि कलमाचा रंग फिका राहिल्याने कपड्याला ठिगळ लावावे तसे ते दिसते.

मोठा प्रश्न वेगळाच होता. दाताचे मूळ म्हणजे रक्तवाहिन्या नसलेला कठीण पृष्ठभाग. त्यावर ठेवलेला तुकडा कशावर जगणार? खडकावर कलम लावल्यासारखाच तो प्रकार. १९८५ साली लँगर व लँगर यांनी याचे सुंदर उत्तर प्रसिद्ध केले. टाळूची वरची त्वचा झाकणासारखी उघडून तिच्या खालची फक्त संयोजी ऊती काढायची आणि झाकण पुन्हा शिवून टाकायचे. काढलेला तुकडा मुळावर ठेवून त्याच्यावरून दाताची स्वतःची हिरडी ओढून घ्यायची. अशा रीतीने तुकड्याला खालून आजूबाजूच्या भागाचे आणि वरून हिरडीचे, असे दुहेरी रक्त मिळते. टाळूची जखम लवकर भरते आणि रंगही जुळतो. भेट कलम आणि कोय कलम यांचा येथे संगमच झाला आहे. पुढे त्यात अनेक सुधारणा झाल्या, परंतु उघडे मूळ झाकण्याच्या कामी ही पद्धत आजही कसोटीचा दगड मानली जाते.

टाळूवर शस्त्र चालवायचे नसेल तर तयार पर्यायही मिळतात. त्यांपैकी काही मानवी त्वचेवर प्रक्रिया करून, तर काही डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कोलेजनपासून बनविलेले असतात. शाकाहारी अथवा विशिष्ट श्रद्धा पाळणाऱ्या रुग्णांनी याविषयी आधीच विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा ते बरे. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून तयार केलेले फायब्रिनचे पटलही काही ठिकाणी वापरले जाते.

आरशातील परीक्षा

कलम यशस्वी होईल की नाही हे ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक अवलंबून आहे, ती उघड्या मुळाची लांबी नव्हे, तर दोन दातांमधील हाड होय. पी. डी. मिलर यांनी १९८५ साली केलेले वर्गीकरण याच निरीक्षणावर उभे आहे आणि २०११ साली कैरो व सहकाऱ्यांनी मांडलेले नवे वर्गीकरणही. सामान्य माणसाला याची पुसट कल्पना आरशातही येऊ शकते. दोन दातांच्या मध्ये हिरडीचा जो त्रिकोणी शेंडा असतो तो शाबूत असेल आणि केवळ दाताच्या दर्शनी बाजूने हिरडी उतरली असेल, तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची शक्यता चांगली. शेंडे खचून दातांमध्ये काळे त्रिकोण दिसू लागले असतील, तर आतील हाड बहुधा झिजलेले असते. अशा वेळी मूळ अंशतः झाकले जाईल किंवा झाकले जाणारही नाही. तेथे प्रथम हाडाच्या रोगाचा बंदोबस्त करावा लागतो. अर्थात आरसा हा अंदाज झाला; निर्णय हिरडीची खोली मोजून आणि क्ष-किरण चित्र पाहून तज्ज्ञानेच द्यावयाचा असतो. मूळ शंभर टक्के झाकण्याची लेखी-तोंडी हमी कोणी देत असेल तर सावध व्हावे.

मग कलम कोणी करून घ्यावे? ज्याची हिरडी दर काही महिन्यांनी आणखी उतरत आहे, ज्याच्या दाताभोवती घट्ट हिरडीचा पट्टा जवळजवळ उरलेला नाही आणि त्यामुळे ब्रश लावताच दुखते, ज्याच्या मुळावर कीड वा झीज सुरू झाली आहे, किंवा हसताना दिसणाऱ्या लांब दातांमुळे जो खरोखर संकोचतो, त्याने. साठीच्या पुढील ज्या व्यक्तीची हिरडी दोन मिलिमीटर उतरून वर्षानुवर्षे तेथेच थांबली आहे आणि काही त्रास नाही, तिने शस्त्रक्रियेच्या मागे लागू नये. दर सहा महिन्यांनी मोजमाप आणि नोंद पुरेशी आहे. फक्त कळ येत असेल तर पोटॅशियम नायट्रेटयुक्त टूथपेस्ट, फ्लोराइडचा लेप किंवा मुळावरील खाचेत भरण यांनी बहुधा भागते. या उपायांनी हिरडी परत येत नाही, पण चहा आणि गार पाणी दोन्ही सुखाने पिता येतात.

कारण दूर न करता केलेले कलम टिकत नाही. ज्या हाताने आणि ज्या ब्रशने पहिली हिरडी उतरविली, त्यांनीच दुसरीही उतरते. म्हणून सुज्ञ दंतवैद्य आधी ब्रशची पद्धत बदलायला लावतात आणि मगच तारीख देतात. तंबाखूचे तर विचारूच नये. धूम्रपान करणाऱ्यांत मूळ झाकले जाण्याचे प्रमाण कमी राहते, हे अनेकदा दिसून आले आहे. गुटखा वा सुपारीने ज्यांचे तोंड पूर्ण उघडत नाही किंवा गालाच्या आत पांढरे पट्टे आले आहेत, त्यांनी हिरडीचा विषय बाजूला ठेवून आधी त्याची तपासणी करावी. दोन आठवड्यांत न भरलेले व्रण असेल तर तात्काळ. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरण्यास वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती दंतवैद्यास सांगावी, स्वतःहून बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडणे हिरडीपेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवू शकते.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे पंधरा दिवस

शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते आणि एक-दोन दातांसाठी साधारण तास-दीड तास लागतो. रुग्णालयात राहावे लागत नाही. दुखते ते नंतर, आणि तेही हिरडीपेक्षा टाळूला अधिक. गरम पोळी चुकून खाल्ल्यावर टाळू सोलवटतो तशी ती जळजळ असते. टाळूला संरक्षण म्हणून काही दंतवैद्य प्लास्टिकची पातळ तबकडी बसवितात. टाळूतून रक्त आलेच तर ओल्या स्वच्छ कापसाची घडी वीस मिनिटे सतत दाबून धरावी. दर मिनिटाला उचलून पाहू नये. तरीही न थांबल्यास दंतवैद्याशी संपर्क साधावा.

पहिले दोन दिवस कलमाला स्वतःचे रक्त नसते. आजूबाजूच्या द्रवावरच ते जगते. त्यानंतर नव्या केशवाहिन्या त्यात शिरू लागतात आणि आठ-दहा दिवसांत रक्तपुरवठा बऱ्यापैकी स्थिर होतो. या काळात कलम हलले तर त्या कोवळ्या वाहिन्या तुटतात, म्हणून ओठ उचलून आरशात पाहण्याचा मोह टाळावा. कुतूहलाने बिघडलेली कलमे थोडी नाहीत. दहीभात, गार झालेली मऊ खिचडी, केळे चालते; चणे अर्थातच नाहीत. स्ट्रॉने ओढून पिऊ नये, जोराने चूळ भरू नये. त्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश न लावता क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणाने तोंड धुवावे लागते. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. ते नंतर निघतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. सुरुवातीला कलम पांढुरके, सुजलेले आणि बेढब दिसते, त्याने घाबरू नये. खरे रूप तीन ते सहा महिन्यांनी ठरते आणि काहींमध्ये तर त्यानंतरही हिरडी किंचित वर सरकलेली आढळते.

खर्च दाताच्या संख्येवर, पद्धतीवर आणि वापरलेल्या साहित्यावर अवलंबून असतो. म्हणून तो लेखी विचारून घ्यावा आणि त्यात टाके काढणे व पुढील तपासण्या धरल्या आहेत का हेही पाहावे. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत अपघाताने झालेली इजा वगळता दंतोपचार समाविष्ट नसतात, तेव्हा विम्याच्या भरवशावर तारीख ठरवू नये. हे काम हिरड्यांच्या शास्त्रात एम.डी.एस. केलेल्या तज्ज्ञाचे आहे. झाशीत असा तज्ज्ञ सोयीचा न वाटल्यास लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात दंतविज्ञानाची शाखा आहे, आणि एकंदरीत दंतमहाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा शुल्क कमी असते. वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. बाहेरगावी जाणाऱ्यांनी तपासणी, शस्त्रक्रिया आणि टाके काढणे अशा किमान तीन फेऱ्या गृहीत धरून रजा व तिकिटे ठरवावीत. शस्त्रक्रियेनंतर प्रवासाला निघण्यापूर्वी निदान एक रात्र त्याच गावी काढावी, म्हणजे रात्री टाळूतून रक्त आले तर तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो.